तेराव्या ओट्याचे साठ मीटर

जो माणूस डोंगरावर चाकांची पिशवी ओढत आणतो, त्याच्याविषयी आणखी काही जाणून घेण्याची गरज उरत नाही, असे मोजणीदारांचे मत होते. रविवारी सकाळी सातला दातांचे डॉक्टर ती पिशवी दगडधोंड्यांवरून खडखडवत पहिल्या ओट्यापाशी आले, तेव्हा मोजणीदारांनी तिच्यातल्या डिस्क मोजल्या. बावीस होत्या. लाल, पिवळ्या, पोपटी, आणि एक तर चक्क अंधारात चमकणारी. तोंडातल्या दातांची बरोबरी करायला अजून दहा कमी होत्या. पण डॉक्टरांचा उत्साह पाहता तेही लांब नव्हते.

मोजणीदारांच्या खांद्यावर कापडी पिशवी होती. तिच्यात डिस्क तीनच: एक लांबची, एक मधली, एक टोपलीजवळची. चौथी वस्तू म्हणजे तीस मीटरची पोलादी फीत. चौतीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजून ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले होते. ते दिवसाला चार मिनिटे मागे पडे, म्हणून त्यांनी ते माळ्यावर टाकले होते. फीत मात्र स्वतःच्या पैशांनी घेतलेली होती आणि म्हणून ती खरी होती.

डिस्क गोल्फ हा खेळ सांगायला सोपा आहे. सिमेंटच्या ओट्यावरून प्लास्टिकची चपटी डिस्क फेकायची. ती पडेल तिथून पुन्हा फेकायची. आणि लोखंडी खांबाला साखळ्या लावून केलेल्या टोपलीत ती कमीत कमी फेकींत पाडायची. अशा टोपल्या अठरा. सपाट मैदानावर हा खेळ कुणीही खेळावा, मोजणीदारांची हरकत नव्हती. मैदानावर लोक पतंगही उडवतात. पण पाइनच्या दाट झाडीत, जिथे दर दहा पावलांवर एक खोड वाट अडवून उभे असते आणि चुकलेली डिस्क उतारावरून थेट ओढ्यात जाते, तिथे हा खेळ खेळायला डोके लागते. आणि डोके ही वस्तू पिशवीला चाके लावून वर आणता येत नाही.

हे अठरा मार्ग त्यांनीच आखले होते. अकरा वर्षांपूर्वी क्लबात अवघी तीन माणसे होती, तेव्हा सुट्टीच्या दिवशी फीत आणि ओळंबा घेऊन ते डोंगरावर येत. एकही झाड न तोडता त्यांनी झाडांमधून अठरा वाटा शोधल्या, ओटे बांधून घेतले आणि प्रत्येक ओट्यापाशी लाकडी पाटी ठोकली. पाटीवर क्रमांक आणि अंतर, दोन्ही स्वतःच्या हाताने रंगवलेले. क्लबाची माणसे त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्यात अपमान काय आहे ते त्यांना कळत नसे.

आजचा खेळ मात्र साधा नव्हता. डॉक्टर दोन वर्षांपूर्वी क्लबाचे अध्यक्ष झाले होते, कारण त्या सभेला सर्वांत आधी तेच येऊन बसले होते. त्यांनी ठराव मांडला होता की तेरावा ओटा पाच मीटर वर सरकवावा. तेराव्या ओट्यावरून एका फेकीत माथ्यावर पोहोचणे अकरा वर्षांत कुणालाच जमले नव्हते. नवे लोक कंटाळतात, परत येत नाहीत, वगैरे. मोजणीदारांनी सभेत एवढेच सांगितले होते की अंतर साठ मीटर आहे, आणि साठ मीटर फेकता येत नसेल तर सरकवायची वस्तू ओटा नव्हे. त्यावर बराच गलका झाला. शेवटी पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी, म्हणजे क्लबाच्या चिटणीसांनी, मधला मार्ग काढला. रविवारी चौघांनी खेळायचे. चौघांपैकी एकाची जरी डिस्क एका फेकीत माथ्यावर टिकली, तरी ओटा कायमचा जिथल्या तिथे. नाहीतर सोमवारी सिमेंट.

चौघांत डॉक्टर, बाई आणि मोजणीदार होतेच. चौथा म्हणून आला तो छपरे बसवणारा. त्याला सगळे ‘पत्रे’ म्हणत. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, गेल्या वर्षीच खेळायला लागलेला. डिस्क दोनच, आणि त्याही दुसऱ्या कुणीतरी टाकून दिलेल्या; एकीच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखा तुकडा उडालेला. तो हातात घेई ती वस्तू वजन करून पाहिल्यासारखी घेई आणि फेकण्यापूर्वी तोंडाने काहीतरी पुटपुटे. मोजणीदारांनी त्याच्याविषयी मत बनवण्याचे कष्ट घेतले नव्हते. मत बनवायलाही समोर काहीतरी असावे लागते.

पहिल्या सहा टोपल्या जशा व्हायच्या तशा झाल्या. चौथ्याला डॉक्टरांनी चार डिस्क हातात घेऊन तीन परत ठेवल्या आणि जी फेकली ती समोरच्या पहिल्याच खोडावर आपटून त्यांच्या पायाशी परत आली. “तुमच्या डोंगराचा माझ्यावर राग आहे, साहेब,” ते हसून म्हणाले.

“डोंगराला तेवढी फुरसत नाही,” मोजणीदार म्हणाले.

बाई प्रत्येकाच्या प्रत्येक फेकीला ‘छान’ म्हणत. पाण्यात बुडणाऱ्या मुलांना धीर देण्याची ती सवय असावी. पण जमिनीवरच्या प्रौढ माणसांना सरसकट छान म्हटले की छान या शब्दाचे काय उरते, असा प्रश्न मोजणीदारांना पडे. सातव्या मार्गावर डॉक्टरांची पोपटी डिस्क हरवली. हरवलेली डिस्क सर्वांनी मिळून तीन मिनिटे शोधायची, असा खेळाचा नियम आहे. डॉक्टर झुडपे उलथीपालथी करत होते, बाई ओढ्याच्या काठाने वाकून चालत होत्या. मोजणीदार घड्याळ बघत उभे होते, कारण तीन मिनिटे कुणीतरी मोजायलाच हवीत. पत्रे मात्र मान वर करून उभा राहिला आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाला, “वर आहे. फांदीच्या बेचक्यात.” सगळे जमिनीवर शोधत असताना त्यालाच वर बघायचे सुचले होते. मोजणीदारांनी ते योगायोगात जमा केले. छपरावरचा माणूस वर बघणारच. त्यात बुद्धी कसली.

साडेनऊच्या सुमाराला ते तेराव्या ओट्यापाशी आले.

तेरावा मार्ग म्हणजे डोंगराची सरळ चढण. दोन्ही बाजूंना पाइनच्या रांगा, खाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा गुळगुळीत थर, आणि वर, ओट्यावरून न दिसणारा, एक सपाट माथा. त्या माथ्यावर टोपली. माथ्याच्या पाच मीटर अलीकडे एक काळी शिळा डोंगरातून कोपरासारखी बाहेर आलेली. डिस्क माथ्यावर पडली तर टिकते. शिळेला लागली की त्या गुळगुळीत पानांवरून घसरत पन्नास-पन्नास मीटर खाली येते. ओट्यावरून पाहिले की फांद्यांमध्ये दोन मोकळ्या जागा दिसतात. क्लबात त्यांना खिडक्या म्हणत. खालची रुंद, वरची अरुंद आणि उंच. साठ मीटरला खालची पुरते, असे मोजणीदार पहिल्या दिवसापासून सांगत आले होते, आणि सगळे खालच्या खिडकीतूनच फेकत. पाटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेले होते: १३. ६० मीटर.

ओट्याच्या वरच्या बाजूला, पाच मीटरवर, डॉक्टरांनी आधीच एक खुंटी ठोकून ठेवली होती. तिला नारिंगी फीत बांधलेली. वेगात गाडी चालवणारा माणूस आधीच भोंगा वाजवतो, तसा तो प्रकार होता.

मोजणीदारांनी खुंटीकडे पाहिले नाही. त्यांनी शिळेकडे पाहिले, आणि त्यांना थोरल्या मुलीची आठवण झाली. ती या ओट्यावर दर वेळी होई आणि दर वेळी ते ती बाजूला सारत.

हा डोंगर आखताना फितीचे दुसरे टोक थोरलीनेच धरले होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. फीत आडवी धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा, पायरी पायरीने चढत जायचे, आणि ते खालून ओरडायचे, “हात वर. अजून वर. फीत सपाट पाहिजे.” दोन वर्षांनी ती स्वतः खेळू लागली तेव्हा तिच्या हातात जोर होता, आणि तिने मनावर घेतले की तेरावा माथा आपण गाठायचा. सलग एकवीस दिवस ती सकाळी वर आली. एकवीस दिवस तिची डिस्क शिळेला लागली आणि घसरत खाली आली. मोजणीदार मागे उभे राहून हिशेब सांगत. माथा साठावर, शिळा माथ्याच्या पाच मीटर अलीकडे, म्हणजे फेक पंचावन्न. वहीत त्यांनी एकवीस वेळा पंचावन्न लिहिले. घरी जेवताना ते तिला त्याच नावाने हाक मारू लागले. “पंचावन्न, जरा मीठ दे.” थोरली हसली नाही, पण मीठ देत राहिली. बाविसाव्या दिवशी तिने डिस्क अडगळीच्या खोलीत ठेवल्या आणि ती पुन्हा डोंगरावर आली नाही. नऊ वर्षे झाली. आता ती दुसऱ्या गावी यंत्रांचे सुटे भाग तपासण्याची नोकरी करत होती. महिन्यातून दोनदा फोन होई, आणि त्यात हवामान बरेच असे. तिला चिकाटी नव्हती, हे मोजणीदारांनी तेव्हाच बायकोला सांगितले होते. बायको म्हणाली होती, “एकवीस दिवस म्हणजे काय असतं मग?” त्यावर त्यांनी उत्तर दिले नव्हते, कारण प्रश्न मोजमापाचा होता आणि बायकोला त्यातले कळत नव्हते.

ते स्वतः कधी माथ्यावर पोहोचले होते का, हे त्यांना कुणी विचारले नव्हते. बावन्नाव्या वर्षी त्यांची डिस्क दोनदा शिळेपर्यंत गेली होती. त्याचे कारण त्यांनी वय असे धरले होते.

माथा ओट्यावरून दिसत नसल्यामुळे एका खेळाडूने वर जाऊन पहारा द्यायचा आणि डिस्क कुठे पडते ते सांगायचे, अशी पद्धत होती. पत्रे न सांगताच निघाला. छपरावर चढावे तसा, अंग पुढे झुकवून, एकसारखी पावले टाकत तो चढत गेला आणि तोंडाने पुटपुटत राहिला. माथ्यावर पोहोचून त्याने हात वर केला.

डॉक्टरांनी पिशवीपुढे गुडघे टेकून बराच वेळ विचार केला आणि अंधारात चमकणारी डिस्क काढली. सकाळच्या पावणेदहाला. ती खालच्या खिडकीतून गेली, अर्ध्यावर दमली आणि पानांवरून डौलात परत आली. बाईंची फेक चांगली होती. शिळेच्या जरा खाली लागली. त्या स्वतःच “छान” म्हणाल्या आणि मग ओशाळल्या. मोजणीदारांनी लांबची डिस्क घेतली, तीन पावले टाकली आणि खालच्या खिडकीच्या मधोमध फेकली. दिशा अचूक होती. नंतर वरून पत्र्याचा आवाज आला, “शिळेच्या खाली, दहा हात.” डिस्क घसरत आली आणि नेमकी नारिंगी खुंटीला टेकून थांबली.

डॉक्टर काही बोलले नाहीत. न बोलण्यात ते किती उदार आहेत हे दिसावे, इतपत ते बोलले नाहीत.

आता उरला पत्रे. त्याच्या जागी पहारा द्यायला डॉक्टर आणि बाई दोघेही वर निघाले, कारण शेवट जवळून बघायचा होता. पत्रे उतरून ओट्यावर आला, तेव्हा तिथे मोजणीदार एकटेच होते. त्याने कुरतडलेली डिस्क हातात घेतली, वर पाहिले, खाली पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाला,

“साहेब, एक विचारू? हे साठ तुम्ही पायाखालचं मोजलंत, की नकाशावरचं?”

“म्हणजे काय?”

“मी चढताना पावलं मोजली. सवय आहे. त्यांचे मीटर पासष्ट भरतात.” तो थांबला. “आमच्यात पहिल्या वर्षी प्रत्येकाकडून होतं हे. खोलीच्या रुंदीवर पत्रे मागवायचे. छपराचं पाखं उतरतं असतं, ते रुंदीपेक्षा लांब भरतं. पत्रे चढवले की खालून हातभर उघडं राहतं. माझ्याकडून झालं तेव्हा मालकानं दोन महिने मला ‘आखूड’ म्हणून हाक मारली. सगळ्यांसमोर.”

मोजणीदारांच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. पण आत, चौतीस वर्षांच्या सवयीने घट्ट लावलेले काहीतरी जागचे सरकले. फीत आडवी. ओळंबा सरळ. हात वर, अजून वर. नकाशावर जमीन नेहमी सपाटच असते. डोंगराच्या अंगावर जमीन कितीही असो, दप्तरात तिची सावली तेवढी जाते, आणि मालकाला ती सावलीच मिळते. चौतीस वर्षांत त्यांनी एकही चढ चढ म्हणून मोजला नव्हता. डिस्क मात्र सावलीवरून उडत नाही.

“छप्पर वेगळं, डोंगर वेगळा,” ते म्हणाले.

“बरोबर आहे साहेब,” पत्रे लगेच म्हणाला. “मी आपला माझ्यापुरता पासष्ट धरतो.” मग वरच्या माणसांकडे नजर टाकून त्याने हळूच जोडले, “तिथं काही बोललो नाही मी.”

आणि त्याने डिस्क फेकली. खालच्या खिडकीतून नव्हे. वरच्या, अरुंद, उंच खिडकीतून, जिथून फेकायचे कुणाला सुचले नव्हते, कारण साठ मीटरला तिची गरज नव्हती. डिस्क फांद्यांच्या वर गेली, क्षणभर उन्हात दिसली, डावीकडे कलली आणि नाहीशी झाली. मग वरून बाईंचा आवाज, आणि त्यात एकदाच सार्थ झालेले ‘छान’. डिस्क माथ्यावर होती. टोपलीपासून चार पावलांवर. टिकलेली.

पुढची दहा मिनिटे मोजणीदारांना फार कठीण गेली. डॉक्टर धावत खाली आले, पत्र्याचा हात हातात घेतला, मग त्यांचाही घेतला. ते म्हणाले की हरणे त्यांना मान्य आहे. की ओटा आता जिथे आहे तिथे राहील. की साठ म्हणजे साठ, साहेबांचे माप कधी चुकत नाही, चुकतात ते आपले हात. मोबाईलवरही त्यांनी दोनदा पाहिले होते, तोही साठच दाखवत होता. मोबाईल आकाशातून बघतो, त्यालाही सावलीच दिसणार, हे मोजणीदारांच्या मनात आले आणि त्यांना त्या यंत्राविषयी प्रथमच आपुलकी वाटली. बाईंनी निकाल लिहून घेतला. खुंटी उपटायला डॉक्टर स्वतः वाकले.

ती खुंटी. ओट्यापासून पाच मीटर वर. म्हणजे तिथून माथा, पायाखालून मोजला तर, बरोबर साठ. काही न कळणाऱ्या, बावीस डिस्कवाल्या, सभेला लवकर येणाऱ्या या माणसाने डोळे मिटून खुंटी ठोकली होती, आणि अकरा वर्षांत ती पाटी जिथे खरी ठरली असती अशी या मार्गावरची एकमेव जागा त्याला सापडली होती. मोजणीदारांना डॉक्टरांविषयी वाटणारा तिरस्कार या एका गोष्टीने दुप्पट झाला.

गप्प राहणे सोपे होते. ओटा वाचला होता, पाटी वाचली होती, पत्रे बोलणार नव्हता. आणि तेच त्यांना सहन होईना. आपली चूक एका छपरेवाल्याच्या खिशात जपून ठेवलेली आहे, आणि तो ती सभ्यपणे कधीच बाहेर काढणार नाही, या विचाराने त्यांचा हात कापडी पिशवीकडे गेला. त्याच्या मालकाने निदान सगळ्यांसमोर नाव ठेवले होते.

“खुंटी राहू द्या,” ते म्हणाले. त्यांनी पिशवीतून फीत काढली आणि तिचे टोक डॉक्टरांच्या हातात दिले. “हे धरा. वर चढा. जमिनीला लावून. उचलायची नाही.”

“आता? कशाला?”

“चढा म्हटलं ना.”

तीस मीटरला डॉक्टर थांबले, बाईंनी तिथे काडी रोवली, पुन्हा तीस मीटर. डॉक्टरांना धाप लागली होती. मोजणीदार मागोमाग चढत होते आणि दर दोन पावलांनी सांगत होते की फीत ढिली आहे, की फितीवर पाय देऊ नका, की दातांची मुळे तरी तुम्ही सरळ काढता ना. दुसरे तीस मीटर संपले तिथे काळी शिळा होती. तिच्यापर्यंत वर दहा सेंटिमीटर. शिळेपासून टोपलीपर्यंत आणखी पाच मीटर तीस.

मोजणीदार शिळेपाशी उभे राहिले. शिळेच्या कडेवर, पावसापाण्याने फिकट झालेले, निळ्या प्लास्टिकचे पुसट ओरखडे होते. थोरलीची डिस्क निळी होती. ते ओरखडे त्यांनी यापूर्वीही पाहिले होते, पंचावन्नावरचे म्हणून.

“साठ मीटर दहा,” ते म्हणाले. कुणाला, ते स्पष्ट नव्हते. मग वळून, सभेत बोलायचे तशा आवाजात त्यांनी सांगितले की पाटी चुकीची आहे. अंतर पासष्ट मीटर चाळीस. त्यांनी आडवे माप घेतले, डिस्कला उभ्या चढाचे लागते. चौथी, नववी आणि सोळावी पाटीही चढाची आहे, म्हणजे त्याही चुकीच्या. “आणि अकरा वर्षं इथे शंभर माणसं खेळली,” ते म्हणाले, “त्यांतल्या एकाच्याही डोक्यात एक फीत आणून बघावं असं आलं नाही. एकाच्याही.” कबुली देताना ते इतरांनाच रागावत होते, आणि डॉक्टर खरोखरच जरा शरमल्यासारखे दिसले.

पत्र्याचे नाव त्यांनी घेतले नव्हते. ते लक्षात आल्यावर त्यांनी घसा साफ केला. “म्हणजे, एकाच्या आलं,” ते म्हणाले. “याच्या. छप्पर बसवतो तो.” पत्रे माथ्यावर उभा होता. त्याने मान जराशी हलवली आणि दुसरीकडे पाहिले.

बाईंनी विचारले की मग ओट्याचे काय लिहायचे. ओटा आहे तिथेच, मोजणीदार म्हणाले. तुमची अट पुरी झाली आहे, अट पासष्टावर पुरी झाली म्हणून ती जास्तच पुरी झाली. पाटी बदलेल. आणि पुढच्या रविवारी सहाला सर्व चढाच्या वाटा पुन्हा मोजायच्या. फितीचे दुसरे टोक पत्रे धरील. डॉक्टर आले तर चालेल, पिशवी घरी ठेवून.

उरलेल्या पाच टोपल्या ते खेळले. कुणी किती फेकी केल्या ते बाईंनी लिहिले आणि कुणी विचारले नाही.

खाली गाड्या उभ्या करायच्या जागेत सगळे गेल्यावर मोजणीदार आपल्या गाडीत बसले आणि त्यांनी थोरलीला फोन लावला. फोन लावायचा हा दिवस नव्हता. तिने पहिल्याच घंटीला उचलला आणि विचारले, “आईला बरं नाही का?”

“आई ठीक आहे.” त्यांनी समोरच्या काचेवर पडलेली पाइनची सुई पाहिली. “आज फीत लावली. तेराव्याला. शिळेपर्यंत साठ मीटर आहे. पंचावन्न नाही.”

पलीकडे यंत्रांचा दूरचा आवाज येत होता. ती रविवारीही कारखान्यात होती. मग तो आवाज कमी झाला. ती बाहेर आली असावी.

“मला माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तुम्ही फीत आडवी धरायला लावायचात. माझे हात दुखायचे. एकविसाव्या दिवशी तुम्ही खाली गेल्यावर मी दोरी लावून मोजलं होतं. जमिनीवरून.”

“मग सांगितलं का नाहीस?” असे मोजणीदारांना विचारायचे होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर ते स्वतःच असल्यामुळे त्यांनी तो विचारला नाही. नऊ वर्षे तिला खरे माप माहीत होते. नऊ वर्षे ती महिन्यातून दोनदा त्यांच्याशी हवामानावर बोलत होती, आणि त्या बोलण्यात जे थंड, कोरडे काहीतरी असे, ज्याला ते तिचा स्वभाव म्हणत, ते त्यांना आता ओळखीचे वाटले. सकाळपासून ते स्वतः डॉक्टरांशी तसेच बोलत होते.

“किती आलं होतं?” त्यांनी विचारले.

“एकोणसाठ.”

“दोरी कसली?”

“बाबा.”

“कसली दोरी होती, ते विचारतोय.”

“कपडे वाळत घालायची. नायलॉनची.”

“नायलॉन ताणलं जातं,” मोजणीदार म्हणाले. “ताणून लावलेली दोरी नंतर मोजली की आखडलेली असते, माप कमी येतं. म्हणून एकोणसाठ आलं तुझं. साठ मीटर दहा होतं ते. रोज. एकवीस दिवस.”